सिद्धलिंग मापाडी आन् त्याची बेगम

मानवतच्या मोंढ्यात जाऊन विचारा, सिद्धलिंग मापाडी कुठं बसतो. सांगणारा हात दाखवायच्या आधी हसतो. हसण्यासारखं सिद्धलिंगात तसं काई न्हाई. बावन्न वर्सांचा, बुटका, कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, सदऱ्याच्या खिशाला दोन पेन. हसू येतं ते लिंबाखाली उभ्या असलेल्या त्याच्या गाडीचं. काळी, लांबलचक, विलायती. पुढून बघावं तर नवाबाच्या घरची. मागून बघावं तर गाभण म्हशीवाणी खाली टेकलेली. हमालांनी तिचं नाव ठेवलंय बेगम.

मोंढ्यात शेतकऱ्यानं माल आणायचा, आडत्यानं घ्यायचा, आन् दोघांच्या मधे उभं राहून पोत्याचं वजन मोठ्यानं सांगायचं ते मापाड्यानं. मापाडी म्हणाला ते झालं. सिद्धलिंगाचे वडील बसवेश्वरअप्पा मापाडीच होते. आन् ह्याचा हात तर असा की पोतं नुसतं हलवून सांगंल, "बासष्ट, वर दोन-तीनशे ग्राम." काट्यावर टाका, तितकंच भरतं. वैजयंतीला बघायला गेला तव्हा तिच्या मावशीनं विचारलं, पोरगी कशी वाटली? तर हा म्हणे, "एक्कावन्न असंल." लगीन झालं, लेकरं मोठी झाली, पण वैजयंतीनं ते एक्कावन्न काई सोडलं न्हाई. भाजीत मीठ जास्त झालं म्हणाला की ती म्हणती, "किती ग्राम?"

बेगम आली ती तीन वर्सांखाली, हैद्राबादहून. सिद्धलिंग दाढ दाखवायला गेला होता. दाढ गेली आन् गाडी आली. दातांच्या डॉक्टरच्या दारात ती धूळ खात उभी होती, वीस वर्सांची. नव्या बुलेटच्या भावात मिळाली. आत चामड्याच्या सीटा, लाकडाची पट्टी, दाराला असा जड आवाज की घरात कुणीतरी मोठं माणूस आल्यावाणी वाटावं. सिद्धलिंग जन्मभर पोत्यांत उभा राहिलेला माणूस. त्या सीटवर बसला की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

ती ताठ मान मोडली राजेश्रीच्या लग्नात.

राजेश्री त्याच्या बहिणीची पोरगी. दिली पालमला. पाठवणी मामाच्या गाडीतून व्हायची, हे त्यानं साखरपुड्यातच सगळ्यांच्या देखत सांगून ठेवलेलं. नवरा-नवरी मागं बसली, पाठराखीण बसली, पुढं सिद्धलिंग फेटा बांधून. गावाबाहेर निघेपर्यंत बेगम राणीवाणी चालली. मंग पुलाचा चढ लागला. बेगम हुंकारली, थरथरली आन् बैलगाडीच्या चालीवर आली. मागून काळीपिवळी जीप आली. आत सतरा माणसं, मागं लोंबकळलेली तिघं, टपावर पोती आन् एक बकरी. जीप बाजूनं निघून गेली. बकरीनं मान वळवून बेगमकडं बघितलं.

नवरदेव लय सुसंस्कारी. तो हळूच म्हणाला, "मामा, मी उतरू का जरा? तेवढीच हलकी व्हईल."

कुणी हसलं न्हाई. तेच वाईट. हसणं मंग झालं, कारण लोंबकळणाऱ्यांपैकी एकानं सगळं फोनवर काढलं होतं. दुसऱ्या दिवशी आख्ख्या मोंढ्यात बकरी वळून बघत होती.

त्या दिवसापासून सिद्धलिंगाला ध्यास लागला. जेवताना फोन, झोपताना फोन. परदेशातली पोरं जुन्या गाड्यांत काय काय बसवतात, बटन दाबलं की गाडी कशी उसळती, चाकाखालून धूर कसा निघतो. वैजयंती म्हणाली, "अवं, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तुमचं लक्ष न्हाई. त्या बकरीनं नजर लावली का काय तुमाला?"

मंग एका सोमवारी तो परभणीला योगीराजच्या गॅरेजवर गेला. विलायती गाड्यांचं पोट उघडायची हिंमत असलेला जिल्ह्यात तो एकलाच.

"योगीराज, हिच्यात दम भरायचाय."

"कशापायी मामा? काळीपिवळीसंग शर्यत लावायलाव का?" म्हंजे बकरी परभणीलाबी पोचली होती. सिद्धलिंगाचे कान तापले.

योगीराजनं बॉनेट उघडलं, फडक्याला हात पुसले. "बगा, इंजिनाचा कॉम्प्युटर नव्यानं लिहून घेता येतो. फरक पडतो, पण हिच्या वयाला लय न्हाई. सायलेन्सर मोकळा बसवता येतो. त्यानं गाडी कमी पळंल आन् वरडंल जास्त. टर्बो म्हंजे हवा कोंबायची. हिचं इंजिन त्याच्यासाठी केलेलंच न्हाई, आतलं सगळं बदलावं लागंल."

"आन् ते नायट्रस?"

योगीराजनं हातातला पाना खाली ठेवला. "हे कुठून काढलाव?"

"फोनमदी बघितलं. बटन दाबलं की सुटती म्हणं."

"सुटती ना. गॅसची बाटली असती. गॅस आत गेला की जास्तीचा प्राणवायू, जास्तीचं पेट्रोल जळतं, धा-पंधरा सेकंद अंगात येतं गाडीच्या. पण वीस वर्सांचं इंजिन हाय, मामा. पिस्टन फुटला, गियरबॉक्स गेला तर बेगमला खाटंवर घालून न्यावं लागंल. आन् रस्त्यावर चालतबी न्हाई ते. आरटीओवाल्यानं बघितलं तर गाडी तितंच ठिवून घेतो."

"जरासा लावला तर? नुसता चढापुरता?"

"जरासा! आजोबाला कुस्तीआधी चार पेग पाजायचे, आन् म्हणायचं, जरासंच लढा."

"बरं, पण ती बाटली ठेवायची कुठं?"

"डिकीत."

"डिकीतच का?"

"मंग काय मांडीवर घेऊन बसताव?" योगीराज मागं गेला. "मामा, मागून ही लयच बसलीय. उघडा बरं डिकी, जागा किती हाय बघू."

"सामान हाय आत," सिद्धलिंग पटकन म्हणाला. इतक्या पटकन, की योगीराजनं एकडाव त्याच्या तोंडाकडं बघितलं.

घरी येताना त्यानं हैद्राबादच्या डॉक्टरला फोन लावला. गाडी त्याची, त्याला ठाऊक असंल. डॉक्टर आधी पोटभर हसला. "अरे सिद्धलिंग मियाँ, ये तो वहीच गॅस हय जो हम दाँत निकालते वखत सुंघाते! आदमी हसते हसते पडा रहता. गाडीकू कायकू सुंघारे? उसका भी दाढ दुखरा क्या?"

पण ध्यासाला काय, तो हसण्यानं मरत न्हाई. आठ दिवसांनी पुन्हा योगीराजला फोन. योगीराज वैतागला. "मामा, सगळा खेळ दोन आकड्यांचा हाय. इंजिनात घोडे किती आन् गाडी किलो किती. घोडे मला ठाऊक हायत. किलो तुमी सांगा."

"सतराशे पंधरा. पुस्तकात लिवलंय."

"पुस्तकातलं वजन लग्नातल्या फोटूवाणी असतंय. काट्यावर घाला, चिठ्ठी आणा, मंग सांगतो काय बसवायचं ते. मापाडी हाव ना तुमी?"

त्या शेवटच्या बोलण्यानं सिद्धलिंग अडकला. मापाडी तर होता. आख्ख्या तालुक्याचा कापूस, तूर, सोयाबीन त्याच्या तोंडून आकडा घेऊन गेलेलं. आपलीच गाडी तेवढी त्यानं कधी काट्यावर घातली न्हाई. आन् का घातली न्हाई, ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण तिकडं तो बघत नव्हता. घरात एखादा कोपरा असतो बघा, झाडू मारताना बाई नेमका तोच सोडती, तसं.

मोंढ्याच्या फाटकाशी ट्रकांचा मोठा वजनकाटा हाय. त्यावर राम नावाचा तिशीचा माणूस बसतो. सिद्धलिंगानं दुपारची वेळ साधली, जेवणाची. कुणी नसंल असं वाटलं होतं. पण कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आन् रांगेत उभ्या माणसांना दुपारी दुसरं काम काय? बेगम काट्यावर चढली तशी सगळी जमली.

सिद्धलिंग खाली उतरला. खोलीच्या भिंतीवर लाल आकडे पळाले आन् थांबले. अठराशे नव्वद.

राम खिडकीतून म्हणाला, "मामा, गाडीच्या पुस्तकात किती लिवलंय?"

"सतराशे पंधरा," सिद्धलिंग बोलून गेला. खोटा आकडा त्याच्या जिभंवर येतच नव्हता, तिला सवय न्हाई.

"मंग हे वरचं पावणेदोन क्विंटल कशाचं?"

रांगेतून एक म्हणाला, "सासू असंल डिकीत!" दुसरा म्हणाला, "एवढी सासू? गुटखा असंल, गुटखा." सगळे हसले. सिद्धलिंगबी हसला, दात दाखवायपुरता.

"उघडा की डिकी," राम म्हणाला. "बघू तर द्या बेगमच्या पोटात काय हाय."

"कुलूप बिघडलंय."

तितं सुलाबाई होती. मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडून, निवडून नेती ती. खोडी काढायचा तिचा सोभाव न्हाई, जे दिसलं ते बोलती. ती म्हणाली, "असं कसं? सकाळी तर डिकीतनं पाण्याची बाटली काढली की मामानं. मी बघितलं."

हसणं जरा कमी झालं.

राम मस्करीच करत होता, त्याचा दोष न्हाई. तो म्हणाला, "जाऊ द्या हो. मामा, गळ्यातल्या लिंगावर हात ठिवून एकडाव म्हणा, डिकीत मोंढ्याचं काई न्हाई. आमी सगळे गप बसतो."

सिद्धलिंगाचा हात वर गेला. सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत गेला. आन् तितंच थांबला.

किती वेळ थांबला असंल? दोन सेकंद, तीन. पण तेवढ्यात रांगेतल्या शेवटच्या माणसानंबी ते बघितलं. हात खाली आला. सिद्धलिंग गाडीत बसला आन् निघून गेला. वजनाची चिठ्ठी राम खिडकीतून हलवतच राहिला.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. वैजयंती दारातच उभी. "म्हणं डिकीत काय हाय ते सांगत न्हाईत तुमी. गुटखा म्हणायलेत लोकं. आता मी उद्या नळावर कुणाला तोंड दाखवू?"

"तुला ठाऊक हाय काय हाय ते."

"मला ठाऊक हाय. अप्पांची लोखंडी वजनं, आन् त्या जुन्या काट्याची पारडी. केळीचा घड ठेवायला जागा न्हाई डिकीत त्यापायी. पण त्यात लपवायसारखं काय हाय? मला वाटायचं, बापाची आठवण म्हणून फिरवायलाव."

सिद्धलिंग पायरीवर बसला. आन् जे पंधरा वर्स कुणाला सांगितलं नव्हतं, ते बायकोला सांगितलं. तिच्याकडं न बघता, चपलेच्या अंगठ्याकडं बघत.

आधी मोंढ्यात लोखंडी काटा होता, तिवईला टांगलेला. एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात वजनं. अप्पांच्या हाताखाली सिद्धलिंगानं त्याच वजनांनी सोळा वर्स माल तोलला. मंग लाल आकड्यांचा काटा आला. पहिल्या दिवशी, गंमत म्हणून, त्यानं अप्पांची वजनं एकेक करून त्याच्यावर ठेवली. वीस, तर वीस. धा, तर धा. पन्नासाचं पहिलं, पन्नास. पन्नासाचं दुसरं ठेवलं, तर आकडा आला पन्नास किलो सातशे पन्नास ग्राम. काटा बंद करून चालू केला. तेवढंच. वजन उलटं केलं. खाली भोकात शिसं ओतलेलं असतं, त्यावर सरकारी शिक्का असतो. हितं शिसं काठोकाठ भरलेलं, चकचकीत, आन् शिक्का अर्धा बुडालेला.

विकणाऱ्याचं वजन हलकं असलं तर गिऱ्हाईक फसतं. घेणाऱ्याचं वजन जड असलं तर शेतकरी. त्या वजनाची जेवढी तोलणी झाली, तेवढ्यांदा शेतकऱ्याचा पाऊण किलो माल फुकट गेला होता. ज्या आडत्यासाठी हे केलं त्याचं दुकान केव्हाच मोडलं, तोबी वारला. पण काटा धरणारा हात सिद्धलिंगाचा होता.

"अप्पा तितंच होते, पोत्यावर बसलेले," तो म्हणाला. "त्यांनी आकडा बघितला. मंग उठले आन् चपला हुडकायला लागले. वैजू, चपला त्यांच्या पायातच होत्या."

बापलेक त्यावर कधी बोलले न्हाईत. पाच वर्सांनी अप्पा गेले. वजनं खाटेखाली पोत्यात गुंडाळून राहिली. भंगारवाल्याला द्यावीत, तर तो काट्यावर टाकणार, आन् पन्नास लिहिलेलं पन्नासच्या वर भरलं की त्याला कळणार. विहिरीत टाकावीत, तर उपसल्यावर सापडणार. आन् दिवाळीला ज्याची पूजा केली ते टाकायचं तरी कसं? दोन वर्सांखाली खोलीत फरशी बसवायची निघाली, तव्हा त्यानं ती एका सकाळी बेगमच्या डिकीत घातली, आन् डिकी लावून टाकली.

वैजयंती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. सासऱ्याला तिनं शेवटचं वर्सभर हातानं भरवलं होतं. मंग म्हणाली, "अप्पांचं अप्पांसंग गेलं. तुमी एवढं मनाला का लावून घेतलाव? तुमाला कुठं ठाऊक होतं?"

"तानुबाई," सिद्धलिंग म्हणाला.

आता ही तानुबाई कोण, तर पाथरीकडच्या एका खेड्यातली, चार एकरवाली. दर हंगामाला यायची आन् दर हंगामाला म्हणायची, "घरी शेजाऱ्याच्या काट्यावर जास्त भरलं हुतं रे, लेकरा." आन् सिद्धलिंग म्हणायचा, "मावशी, वाटंनं उंदरांनी खाल्लं." आख्खा मोंढा हसायचा. तीबी हसायची बिचारी. मंग घरी जाऊन उंदरांना शिव्या द्यायची. शेवटी तिनं त्यापायी दोन मांजरं पाळली.

"नवा काटा आला, तव्हा तिचं बरोबर भरायला लागलं," सिद्धलिंग म्हणाला. "मला म्हणाली, बघ लेकरा, मांजरांनी गुण दाखवला. आन् मी म्हणालो, हो मावशी. तव्हा मला ठाऊक हुतं, वैजू. दर साली ती मांजरांचं सांगती, आन् दर साली मी हो म्हणतो."

वैजयंती त्याला टोमणा मारल्याबिगर एक दिवस राहिली न्हाई. त्या दिवशी मात्र तिनं मारला न्हाई. उठली, आत गेली, आन् आतूनच म्हणाली, "उद्या गुरुवार हाय. तुरीचा बाजार. ती यायची असंल."

सकाळी लिलावाच्या आधी बेगम मोंढ्यात आली. सिद्धलिंगानं ती लिंबाखाली न लावता सरळ तोलाच्या ओट्याशी नेली आन् डिकी उघडली. लोकं जमायला हाक मारावी लागली न्हाई. एकेक वजन त्यानं स्वतः उचलून आणलं. हमाल पुढं झाले, त्यांना नको म्हणाला. शेवटचं पन्नासाचं आणताना त्याच्या पायाला घाम सुटलेला दिसत होता, चप्पल सटकायलती.

त्यानं ते लाल आकड्यांच्या काट्यावर ठेवलं. आकडा मोठ्यानं म्हणायची त्याची सवय. सवयीनंच म्हणाला, "पन्नास किलो सातशे पन्नास." आन् मंग सगळं सांगितलं. लांबवलं न्हाई.

कुणीतरी म्हणालं, "अप्पांचं पाप ते. तुमचं काय त्यात?"

"सोळा वर्स माझ्या हातानं झालं, न कळता. पंधरा वर्स माझ्या तोंडानं, कळून. लायसन ठेवायचं का काढायचं, मोंढ्याच्या पंचांनी बघावं."

गर्दीत तानुबाई होती. पंच्याहत्तरीची, नऊवारीचा काष्टा, हातात पिशवी. ती पुढं आली आन् त्या वजनाला पायानं जरा ढोसलं, बैल विकत घेताना खुर बघतात तसं.

"म्हंजे उंदीर नव्हते?" तिनं विचारलं.

"न्हाई, मावशी."

"एकबी?"

"घरात असतील. पोत्यात नव्हते."

ती विचारात पडली. "आन् मांजरं? मांजरांनी मंग काईच केलं न्हाई?"

सिद्धलिंगानं न्हाई म्हणून मान हलवली.

"तिसरी पिढी चाललीय त्यांची," तानुबाई म्हणाली. "रोज दूध घालते. नातवाला कमी घातलं एखादं दिवस, पण त्यांना न्हाई."

कुणी हसलं न्हाई. बकरीला हसलेली, सासूला हसलेली तीच सगळी माणसं. सिद्धलिंगाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी हसावं. एकानं तरी. सुलाबाईनंसुद्धा झाडणी थांबवली होती.

मंग तानुबाई म्हणाली, "माझी तीन पोती हायत. काटा कोण करतंय?"

"दुसऱ्या मापाड्याला बोलावतो, मावशी."

"दुसरा कशाला? तूच कर. आत्ताच शिकलास जणू, असा कर."

पहिलं पोतं काट्यावर आलं. सिद्धलिंगानं आकडा बघितला आन् म्हणाला, "अठ्ठावन्न किलो चारशे."

तानुबाईनं मान हलवली न्हाई. ती वळली आन् सुलाबाईला म्हणाली, "बाई, तुला वाचता येतंय ना? ते लाल काय म्हणतंय बघ."

सुलाबाईनं बघितलं. "अठ्ठावन्न. आन् चारशे."

"हां," तानुबाई म्हणाली. "लिवा."

तिन्ही पोत्यांना तसंच. सिद्धलिंगानं म्हणायचं, सुलाबाईनं वाचायचं, मंग तानुबाईनं 'लिवा' म्हणायचं. तो जन्मभर एकडाव आकडा म्हणत आलेला माणूस. त्याच्या आकड्यावर कुणी दुसऱ्याला कधी विचारलं नव्हतं. तिसऱ्या पोत्याला त्याचा आवाज इतका खाली गेला की ती म्हणाली, "मोठ्यानं म्हण की. मस्करी करताना तर आख्ख्या मोंढ्याला ऐकू जायचा."

काम झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या भानगडीत माझी जीप गेली. सोड मला घरी. आन् ते घे संगं." तिनं पन्नासाच्या वजनाकडं बोट दाखवलं.

"ते कशाला, मावशी?"

"माझं हाय ते. वरचा पाऊण किलो तर माझाच हाय."

ती पुढच्या चामड्याच्या सीटवर मांडी घालून बसली. बाकीची वजनं मोंढ्यातच राहिली, बेगमच्या डिकीत तेवढं एक पन्नासाचं. वाटेत योगीराजचा फोन आला. "मामा, चिठ्ठी आणताव का? काय बसवायचं ठरवलाव?"

"काई बसवायचं न्हाई."

"पण वजन काय भरलं ते तर सांगा."

"सव्वाशे किलो उतरवलंय."

"त्यानं लय फरक पडत न्हाई, मामा, आधीच सांगतो. एखादा सेकंद."

खरंच पडला न्हाई. चढावर बेगम हुंकारली, थरथरली, आन् मागून काळीपिवळी आली आन् निघून गेली. तानुबाईनं जीपकडं बघितलं, मंग सिद्धलिंगाकडं. "हीच का ती बकरीवाली गाडी?"

"हीच, मावशी."

"बरी हाय की. पाठ दुखत न्हाई." आन् घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला सगळ्या वाटंनं वाटत राहिलं.

वजन त्यानं तिच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवलं. ठेवल्या ठेवल्या एक पिवळं मांजर आलं, वास घेतला आन् त्याच्यावर चढून बसलं. तानुबाई म्हणाली, "बघ, त्यालाबी कळलं कुणापायी जन्माला आलं ते." चहा काई विचारला न्हाई. सिद्धलिंग उभा राहिला जरा वेळ, मंग हात जोडून म्हणाला, "शरणार्थ, मावशी." ती म्हणाली, "ये."

पंचांनी त्याचं लायसन काढलं न्हाई. योगीराजच्या गॅरेजवर तो पुन्हा गेला न्हाई. बेगम लिंबाखालीच असती, मागून आता जरा उचललेली, तरी हमाल हसतातच. हसणं परत आलं, म्हणून वैजयंतीचे टोमणेबी परत आले. पण मोंढ्यात एक गोष्ट बदलली. सिद्धलिंगानं काट्याचे लाल आकडे शेतकऱ्याकडं फिरवून ठेवले. पूर्वी ते त्याच्याकडं असायचे.

आन् तानुबाईला वाचता येत न्हाई. म्हणून दर हंगामाला तिचं पोतं आलं की सिद्धलिंग आकडा म्हणतो, आन् गप उभा राहतो. ती मान फिरवून सुलाबाईला हुडकती. सुलाबाई कधी पार तिकडच्या टोकाला झाडत असती, तिला हाक मारून आणावं लागतं. मागं रांग खोळंबती, लोकं कुरकुरतात. सिद्धलिंग खाली मान घालून थांबतो, ती येईपर्यंत.